काचेपलीकडचा कान

1969 साली मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' प्रदर्शित झाला. त्यात अमिताभ बच्चन आहेत, पण दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. 'सात हिंदुस्तानी' त्याच वर्षी नंतर आला आणि मग लोकांना चेहरा दिसला. पुढे सत्यजित राय यांनी 'शतरंज के खिलाडी'त (1977) आणि आशुतोष गोवारीकर यांनी 'लगान'मध्ये (2001) गोष्ट सांगायचं काम याच आवाजाला दिलं. दूरदर्शनच्या 'महाभारता'तला, हरीश भिमाणी यांच्या आवाजातला 'समय' तर माझ्या पिढीच्या कानातून अजून गेलेला नाही. पडद्यावर नसलेल्या माणसाने पडद्यावरच्या सगळ्यांना हाताशी धरून पुढे न्यायचं, हे निवेदनाचं काम. ते ध्वनिमुद्रित करायला तेव्हा स्टुडिओशिवाय दुसरी जागाच नव्हती.

आता आहे. डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये, कपड्यांच्या कपाटासमोर, लॅपटॉप आणि तळहाताएवढी इंटरफेसची पेटी घेऊन चित्रपटाचं निवेदन ध्वनिमुद्रित होतं. फाइल मिक्सिंगला जाते आणि पुढे चित्रपटगृहातही लागते. त्यामुळे बजेटच्या बैठकीत निर्माते हमखास विचारतात, की घरी होत असेल तर स्टुडिओचं ताशी भाडं कशाला भरायचं? मी माहितीपटांची निवेदनं लिहितो. लिहिलेलं वाचलं जात असताना स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडे बसतो आणि घरून आलेल्या फाइलीही ऐकतो. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पण त्याचं उत्तर बहुतेक जण मायक्रोफोनच्या किमतीत शोधतात, आणि ते तिथे नाही.

आधी थोडा इतिहास. मुंबईत निवेदनाला शिस्त लागली ती पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. 1948 साली ही संस्था सुरू झाली. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी तिची समाचारचित्रं दाखवणं बंधनकारक होतं. एकच चित्र, पण त्याला अनेक भाषांतलं निवेदन. इंग्रजीत झूल वेलानी आणि प्रताप शर्मा यांचे आवाज देशभर ओळखीचे झाले. समोर चित्र चालू असताना हातातलं वाक्य त्या चित्राच्या लांबीत बसवायचं, ही कसरत तिथे रोजची होती. 2022 मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली, पण चित्राकडे बघत वाचायची ती सवय आजही चांगल्या निवेदकात दिसते.

दुसरीकडे कथापट. कित्येक दशकं आपल्याकडे कॅमेरेच इतका आवाज करायचे की चित्रीकरणाच्या वेळचा आवाज निव्वळ खुणेपुरता ठेवायचा आणि सगळे संवाद नंतर डब करायचे. 'लगान'ने सिंक साउंडचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज वापरण्याचा, आग्रह धरला तेव्हा त्याची बातमी झाली, ती यामुळेच. अंधेरी, ओशिवरा, गोरेगाव या पट्ट्यात डबिंगचे लहानमोठे स्टुडिओ दाटले, तेही या गरजेपोटी. आता त्यांच्याकडे दक्षिणेतले चित्रपट आणि ओटीटीवरच्या मालिका येतात. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभास बोलतो तो शरद केळकरांच्या आवाजात. असं डबिंग स्टुडिओतच व्हावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ओठ जुळवायचे, दहा पात्रं एकाच जागेत उभी आहेत असं भासवायचं, ओरडायचं, धापा टाकायच्या, हे शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून करता येत नाही. खरा वाद आहे तो निवेदनाचा. माणूस एकटाच असतो आणि सलग, शांत आवाजात बोलत असतो. म्हणून ते घरी सहज जमेल असं वाटतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि जे वाटत होतं ते करून पाहावंच लागलं. स्टुडिओ बंद, पण अर्धवट राहिलेली कामं थांबायला तयार नाहीत. आवाजाचे कलावंत एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखा आणि एसी बंद करून, डोक्यावरून रजई घेऊन बसले. मोबाइलच्या उजेडात संहिता वाचायची आणि घामाचा थेंब कागदावर पडू द्यायचा नाही. त्या दिवसांत झालेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या रजईखाली बऱ्याच जणांनी ध्वनिशास्त्राचा पहिला धडा घेतला.

तो धडा असा, की घुमणारा आवाज आणि बाहेरून येणारा आवाज हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

घुमण्याचं आधी पाहू. आपल्या घरात गुळगुळीत टाइल्स, प्लॅस्टर केलेल्या उघड्या भिंती, काच आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. आवाज जिथे जाईल तिथून परत येतो. त्यात खोली दहा बाय दहा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा सूर स्वतःहून घुमतो. त्याच्या दुपटीला 112 आणि तिपटीला 168 हर्ट्झवरही तेच होतं. पुरुषाच्या बोलण्याचा पायाभूत सूर याच पट्ट्यात असतो. म्हणजे माणूस बोलतो तेव्हा काही स्वरांवर खोलीच त्याच्यासोबत बोलू लागते. लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांनी तेच सूर वाढतात. भिंतीला चिकटवलेला दोन इंची फोम या खालच्या सुरांना जवळपास हातच लावत नाही. तो वरचे सूर शोषून घेतो, खालचे तसेच राहतात, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. घरच्या फाइलीत सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. निवेदनासाठी बहुधा कार्डिऑइड प्रकारचा मायक्रोफोन वापरतात. तो समोरचं ऐकतो, पाठीमागचं कमी ऐकतो. त्याच्या समोर कोण असतं? बोलणारा, आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. तरी घरोघरी फोम लागतो तो मायक्रोफोनच्या मागे, कारण बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीच बाजू असते. गोधडी टांगायला हवी ती स्वतःच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर सोडून. कपाट उघडून त्यातल्या कपड्यांकडे तोंड करायचं, पाठीशी जाड रजया, टेबलावर घडी घातलेली सतरंजी, म्हणजे टेबलावरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला पोकळ करणार नाही. एवढं केलं तरी घुमणं बरंच आटोक्यात येतं, आणि खर्च जवळपास शून्य.

बाहेरचा आवाज मात्र गोधडीला जुमानत नाही. त्याला अडवायला वजन लागतं आणि हवाबंद कडा लागतात. भिंत कितीही भक्कम असो, तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी राहिली की अडवणूक 20 डेसिबलच्या पलीकडे जात नाही. दाराचंही तसंच, आणि सात फुटी दाराखाली दोन सेंटिमीटरची फट म्हणजे त्या दाराचा जवळपास तेवढाच भाग. स्टुडिओत खोलीच्या आत दुसरी खोली बांधतात, आतली जमीन रबरावर तरंगती ठेवतात. दारं दोन असतात, काचाही दोन, त्याही वेगवेगळ्या जाडीच्या, म्हणजे दोन्ही एकाच सुरावर थरथरत नाहीत. एसीची हवासुद्धा रुंद, आतून अस्तर लावलेल्या नळीतून संथपणे सोडतात. भाड्याचा मोठा भाग या न दिसणाऱ्या बांधकामाचा असतो.

घरी ते नसतं, म्हणून लोक वेळ निवडतात. मुंबईत शेवटची लोकल एकच्या सुमारास जाते, पहिली चारच्या आसपास सुटते. ट्रॅकजवळ राहणाऱ्याला मिळतात ते मधले तीन तास. पण त्या वेळी गळा दमलेला असतो आणि कुत्री जागी असतात. दिवसा पुनर्विकासाचे ब्रेकर, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाळी आणि मार्चपासून कोकिळा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, दिवसाची 55. म्हणजे सगळी गल्ली कायदा पाळून वागली, तरी खिडकीबाहेर जे उरतं ते ध्वनिमुद्रणाला जास्तच असतं. सरकत्या खिडकीला ते अडवणं झेपत नाही.

आणि म्हणूनच मायक्रोफोनच्या किमतीची चर्चा मला वाया गेलेली वाटते. नॉयमनचा यू 87 हा 1967 पासूनचा, जगभरच्या स्टुडिओंतला मानाचा मायक्रोफोन. त्याच्या आजच्या आवृत्तीची स्वतःची कुजबुज 12 डेसिबल आहे. रोडचा एनटी1-ए त्याच्या कितीतरी पट कमी किमतीत मिळतो आणि त्याची कुजबुज 5 डेसिबल. कागदावर स्वस्तातला मायक्रोफोन जास्त शांत आहे. स्वराचा पोत वेगळा असतो, ते मान्य. पण राहत्या घराची मध्यरात्रीची शांतताही या दोघांच्या कुजबुजीपेक्षा खूप वर असते, मग तिथे फरक पडतोय कुठे? उलट मायक्रोफोन तोंडापासून जितका लांब, तितकं घर जास्त ऐकू येतं. घरच्या अवघड खोलीत साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ घेऊन बोललेलं कित्येकदा जास्त कामाचं निघतं. मात्र फार जवळ गेलं की खालचे सूर फुगतात. स्वतःचा आवाज भारदस्त वाटतो, मोह होतो, आणि चित्रपटगृहात तोच आवाज गढूळ लागतो.

चित्रपटगृह हा या सगळ्यातला निर्णायक मुद्दा आहे. मोबाइलवर ऐकायच्या जाहिरातीला घरची फाइल छान चालते, कारण मागे संगीत अखंड असतं आणि स्पीकर बोटभर असतो. थिएटरमध्ये निवेदन येतं ते पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून. पडद्याला बारीक छिद्रं असतात ती त्यासाठीच. सगळी यंत्रणा 85 डेसिबलच्या ठरलेल्या पातळीला लावलेली असते. तिथे दृश्य शांत झालं, संगीत थांबलं आणि निवेदक बोलू लागला, की त्याच्या शब्दांसोबत त्याची खोलीही उघडते आणि वाक्य संपलं की मिटते. कानाला नेमकं काय झालं ते कळत नाही, पण पडद्यावरच्या जगावरचा विश्वास थोडा ढळतो. सॉफ्टवेअरने पंख्याची एकसारखी घरघर बऱ्यापैकी काढता येते. घुमणं काढायला गेलं की शब्दांच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या होतात. कोरड्या आवाजावर हवं तेवढं घुमणं चढवता येतं, चढलेलं उतरवणं फार कठीण. मिक्सिंगला बसणारे लोक घरची फाइल उघडताना आधी बोलणं ऐकत नाहीत, दोन वाक्यांमधली जागा ऐकतात.

इथवरच्या सगळ्याला पैशाने आणि मेहनतीने उत्तर आहे. घरात नीट बूथ बांधता येतो आणि काही कलावंतांनी तो बांधलाही आहे. आता ज्याला तसं उत्तर नाही, त्या गोष्टीकडे येतो.

मराठवाड्यातल्या बारवांवरचा एक माहितीपट होता. निवेदनाला रंगभूमीवरच्या एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. ताई बूथमध्ये गेल्या, स्टूलवर बसल्या, दोन ओळी वाचल्या आणि रेकॉर्डिस्टने टॉकबॅकचं बटण दाबलं. "ताई, बांगड्या काढून ठेवता का? आणि पदर जरा घट्ट खोचून घ्या, कांजी केलेली साडी बोलतेय." मंगळसूत्राचे मणी एकमेकांवर आपटत होते, तेही ब्लाउजच्या आत गेले. मग 'भिंती' या शब्दाचा भ फुटला. महाप्राण अक्षरांमागे हवेचा झोत असतो, मराठीत तर भ, फ, ध, ख पावलोपावली. रेकॉर्डिस्टने आत जाऊन मायक्रोफोन दोन बोटं वर घेतला आणि किंचित कलता केला, झोत खालून निघून गेला. तोंडात चिकचिक येऊ लागल्यावर त्याने हिरव्या सफरचंदाची फोड पुढे केली. आवाजाच्या धंद्यातला हा जुना तोडगा आहे, आंबटपणाने तोंड स्वच्छ होतं.

नंतर ते वाक्य आलं: "पायऱ्या संपतात, तिथे पाणी सुरू होतं." ताईंनी ते सुंदर वाचलं. माझ्या कानाला काहीच कमी वाटलं नाही. दिग्दर्शिका म्हणाली, "ताई, पाणी अजून दिसलेलं नाही. कॅमेरा अजून पायऱ्यांवरच आहे." ताईंनी समोरच्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं. पुढच्या टेकला त्या 'तिथे'वर थांबल्या, चित्र वळेपर्यंत थांबल्या, आणि 'पाणी' हा शब्द आम्हाला पाणी दिसलं त्याच क्षणी आला. रेकॉर्डिस्टने थांबण्याआधीचा श्वास कापला नाही, तसाच ठेवला. चहानंतर त्याने आणखी एक गोष्ट पकडली. आवाज आता उबदार झालाय, सकाळच्या पहिल्या परिच्छेदाशी तो जुळत नाही. पहिला परिच्छेद पुन्हा घेतला.

यातलं ताईंना एकट्याने घरी काय कळलं असतं? बांगड्या कदाचित कळल्या असत्या. बाकीचं कठीणच. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो त्याला नेहमी भरदार वाटतो. हेडफोन घातला तर हे थोडं सुधारतं, पण मग कलावंत स्वतःचाच आवाज ऐकत, तो गोड करत बसतो आणि सांगायचं राहून जातं. बोलणं आणि तटस्थपणे ऐकणं एकाच वेळी होत नाही. स्टुडिओत भाडं देऊन आपल्याला जे मिळतं त्यात मोलाचं तेच, काचेपलीकडे बसलेली, ऐकण्यासाठी मोकळी असलेली दोन माणसं. एक यंत्राच्या बाजूने ऐकतो, दुसरी गोष्टीच्या बाजूने.

म्हणूनच ज्यांचं काम घरीच होणार आहे, त्यांनी पैसे वाचवायचे तर मायक्रोफोनवर वाचवावेत, ऐकणाऱ्यावर वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. सोर्स-कनेक्टसारख्या प्रणालीतून दिग्दर्शक दुसऱ्या शहरात बसून चांगल्या दर्जाचा आवाज थेट ऐकू शकतो. तेवढी सोय नसेल तर साध्या व्हिडिओ कॉलवर सूचना द्याव्यात आणि मूळ फाइल कलावंताच्या लॅपटॉपवर 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर उतरवावी. हेडफोन मात्र दोन्हीकडे हवाच, नाहीतर दिग्दर्शकाचा आवाज कलावंताच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो.

घराच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. स्टुडिओ अंधेरीत असल्याने आवाजही अंधेरीच्या आसपासचेच निवडले जात. अकोल्याच्या वऱ्हाडीतलं निवेदन मुंबईत राहणारा नट 'वऱ्हाडी करून' वाचायचा. खानदेशातली अहिराणी, सावंतवाडीची मालवणी, गोव्यातली कोकणी, सगळ्यांची हीच गत. आता अकोल्यातली शिक्षिका स्वतःच्या घरून, स्वतःच्या बोलीत पायलट ट्रॅक, म्हणजे कच्चं निवेदन, पाठवू शकते. मान्य झाला तर तिला मुंबईला बोलावण्याइतकं बजेट पुढे उभं राहू शकतं, नाहीच राहिलं तर तिच्या जवळच्या शहरात स्टुडिओ शोधता येतो. लहान मूल घरात असलेली आई, जिना चढता न येणारा कलावंत, न्यू जर्सीत स्थायिक झालेला नाट्यवेडा मराठी माणूस, या सगळ्यांना निवडीच्या यादीत जागा मिळाली ती घरच्या मायक्रोफोनमुळे. काही निवेदनांना तर खोलीची खूण असणंच योग्य. माहितीपटात मुलगी आपल्या वडिलांबद्दल बोलत असेल, तर तिचा आवाज त्यांच्याच घरात ध्वनिमुद्रित व्हावा, पाठीमागे त्या घराचं घड्याळ असावं. पण तो ठरवून घेतलेला निर्णय असावा, भाडं वाचवायला शोधलेली सबब नसावी.

आणि मोबदला. स्टुडिओत कलावंत तासभर बोलून मोकळा होतो. घरी तोच माणूस रेकॉर्डिस्ट, संकलक आणि सफाई कामगार होतो. श्वास काढायचे, चिकचिक पुसायची, प्रत्येक ओळीला वेगळं नाव देऊन फाइल पाठवायची. बोलायला तास लागला तर हे करायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. मानधन मात्र बोलण्याचंच ठरतं, काही वेळा 'घरीच तर आहे' म्हणून त्यातूनही कापलं जातं. हा सरळ अन्याय आहे. घरच्या ध्वनिमुद्रणाचा दर आवाजाचा वेगळा आणि तांत्रिक कामाचा वेगळा असा लिहून ठरला पाहिजे. दिग्दर्शकाला वाचन पसंत नसेल तर किती वेळा फुकट वाचून द्यायचं आणि संहिताच बदलली तर किती घ्यायचे, हेही त्यातच यावं. आवाज कुठल्या माध्यमात आणि किती काळ वापरणार, याचाही उल्लेख हवा. स्वच्छ, कोरडी, तासभराची फाइल आज कृत्रिम आवाज बनवायला आयता माल आहे. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. नामवंत गायकाला न्यायालयात जाता येतं. अकोल्याच्या शिक्षिकेला करारातलं एक वाक्यच काय ते वाचवू शकतं.

अनुभवी मंडळी आता दोन्ही जागा वापरतात, आणि मला तीच रीत पटते. संकलन चालू असताना कच्चं निवेदन घरून घ्यायचं. कितीही वेळा बदला, भाड्याचं घड्याळ चालू नसतं. चित्र कायम झालं की स्टुडिओत एक सलग सत्र, दिग्दर्शक समोर. तिथे मायक्रोफोन कोणता, तोंडापासून किती वीत, कुठल्या कोनात, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा आणि कुणीही न बोलता बूथची शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून घ्यायची. ती नंतर जोडकामात लागते, कारण शेवटची ओळ बदलतेच. आकडा चुकलेला असतो, सेन्सॉर बोर्ड एखादा शब्द काढायला सांगतं, किंवा महोत्सवाच्या आदल्या रात्री दिग्दर्शिकेला नवं वाक्य सुचतं. त्या रात्री स्टुडिओ मिळत नाही. मग कलावंताने फोटोतलं अंतर आणि कोन जुळवायचा, सत्रातली आधीची ओळ हेडफोनवर ऐकायची, तिच्याच सुरात नवी ओळ चारदा वाचून पाठवायची. मिक्सिंगवाला त्यातली एक निवडतो, तिच्याखाली बूथची शांतता पसरतो आणि ती ओळ बसून जाते. या कामाला घरच योग्य आहे. फक्त त्या एका ओळीचे पैसेही करारात आधीच लिहिलेले असावेत.